गिरजाबाईंची तपासणी

गिरजाबाई गेल्या हे मला कोणी सांगण्याआधीच दिसलं. त्यांचा मुलगा वसंता माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर डोक्याला उपरणं गुंडाळून बसला होता. मी एका पेशंटच्या भावाशी बोलत होतो, ते बोलणं लांबलं, आणि अर्धा तास तरी वसंता तसाच बसून राहिला. शेवटी आत आला, उपरणं काढलं, आणि त्याचं मुंडण केलेलं डोकं पाहून मी हातातला पेन खाली ठेवला. "माय गेली साहेब. काल दहावं झालं." मी जरा रागावलोच. अरे, इतके दिवस कळवलं का नाही? आणि आता आलास तर बाहेर कशाला बसलास? तो म्हणाला, "तिनंच सांगून ठेवलं होतं. बाबू कोन्या पेशंटच्या मानसासंग बोलून राहिला असन तं मंधात जाजो नोको, म्हने." दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चहा मागितला आणि चहा येईपर्यंत त्या गेल्या. अशा वेळी, कोणाला त्रास न देता गेल्या, असं म्हणायची रीत आहे. जातानाचं खरं असेल. पण जिवंतपणी गिरजाबाईंनी पुष्कळांना त्रास दिला, त्यातला सगळ्यांत जास्त मला, आणि त्याबद्दलच मला लिहायचं आहे.

निवृत्त होईपर्यंत गिरजाबाई आमच्या सरकारी दवाखान्यात आया होत्या. कागदोपत्री त्यांच्या वॉर्डाला नंबर होता, पण रिक्षावाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्याला डोक्याचा वॉर्ड म्हणत. डोक्याला मार लागलेली माणसं तिथं येत. फरशी पुसणं, चादरी बदलणं, भांडी देणं, बेशुद्ध माणसाची दर दोन तासांनी कूस बदलणं, हे त्यांचं काम. मी तिथं लागलो तो बांगलादेशच्या लढाईच्या आगेमागे. माझ्या खोलीच्या दारावर 'समाजसेवा अधीक्षक' अशी लाकडी पाटी होती आणि मी रोज आत शिरताना ती एकदा वाचत असे. बेसा तेव्हा शहराला लागलेलं नव्हतं, आमचं गाव होतं. माझा बाप डोक्यावर वांग्यांची टोपली घेऊन ज्या रस्त्यानं नागपूरला यायचा त्याच रस्त्यानं मी सायकलवर कॉलेजात गेलो. आमच्या घरात काय, आमच्या सगळ्या आळीत पदवी आली ती माझ्यासोबत. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण कॉलेजच्या पहिल्या वर्षी माझ्या 'मले-तुले'ला वर्ग हसला, तेव्हापासून मी ती बोली घरी ठेवून शहरात येऊ लागलो, आणि पदवी हाती पडेपर्यंत घरीही बोलेनासा झालो. आई शेजारणींना सांगायची, "माहा पोरगा रेडिओवानी बोलते." तिला त्याचं कौतुक होतं...

पहिल्याच दिवशी गिरजाबाईंनी ओल्या फडक्यानं माझी पाटी पुसली आणि विचारलं, "याचं काम काय रायते गा बाबू?" मी पेशंटची कौटुंबिक पार्श्वभूमी, समुपदेशन, पुनर्वसन असं सगळं सविस्तर सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हंजे इचारपूस. मंग थे तं मी करतोच." मला राग आला. एक तर ही बाई मला साहेब म्हणत नाही, वर अरे-तुरे करते. मी तसं बोलून दाखवलं तर म्हणाल्या, "तू माह्या वसंताएवढा. त्याले साहेब म्हनू का तुले?" त्यानंतर तो विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

इचारपूस त्या खरोखर करत. "डोस्क्याचे बी हंगाम रायते बाबू," असं त्या म्हणायच्या, आणि वर्षभरात मला ते दिसलं. संक्रांतीला पतंगामागे पळताना गच्चीवरून पडलेले यायचे. उन्हाळ्यात गच्चीवर झोपलेले, कठडा नसलेल्या कडेवरून झोपेतच खाली आलेले. पेरणीच्या तोंडावर धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भाऊ-भाऊ काठ्या घेऊन भिडायचे आणि दोघंही शेजारच्या खाटांवर येऊन पडायचे. त्यांच्या बायकांना आवारात एकाच स्टोव्हवर चहा करताना मी पाहिलं आहे. पोळ्याला बैलाची लाथ. विहिरीत पंप उतरवताना कप्पी सुटलेली. संत्र्याचे दिवस आले की भरल्या ट्रकवर पेट्यांच्याही वर बसून मंडीकडे निघालेले मजूर, रस्त्यावरच्या फांदीचा फटका बसून खाली आलेले. आणि फटफट्या वाढू लागल्या तसे फटफटीवाले. यातले कोणी आठ दिवसांत पायी घरी गेले, कोणी गेलेच नाहीत. कोणी बरे झाले, पण वेगळेच होऊन. गरीब स्वभावाचा माणूस शिव्या देत सुटे, तापट माणूस बारीकसारीक गोष्टीला रडे. एका पेशंटची बायको मला म्हणाली होती, "साहेब, मानूस माहाच हाये, पन हा थो नाही." हे मी इंग्रजीत कसं लिहावं मला समजलं नाही. मी 'स्वभावात बदल' असं लिहिलं.

केसपेपरवर पेशंटचं लांबलचक नाव असायचं. डॉक्टर ते नाव घेऊन हाका मारत, खाटेवरचा माणूस हलत नसे. गिरजाबाई नातेवाइकांना गाठून विचारायच्या, घरी काय म्हणता याले? बैलायचे नावं काय? शेजारी कोनासंग पटत नाही? मग कूस बदलताना त्याच्या कानाशी बोलायच्या, "ए बुढ्या, उठ ना गा, तुहा ढवळ्या दावं तोडून पराटीच्या वावरात शिरला." दर वेळी माणूस डोळे उघडायचा असं नाही. बहुतेक वेळा नाहीच. पण त्या बोलणं सोडत नसत. मी एकदा विचारलं, यानं काय होतं? तर म्हणाल्या, "त्याले काय होते मले काय मालूम? मले एकटं नाही वाटत."

आता शेवंताची गोष्ट. माणूस शुद्धीवर आला की त्याचं भान कितपत परत आलं हे पाहण्यासाठी आमच्याकडे प्रश्नांचा एक सायक्लोस्टाइल केलेला कागद होता. नाव काय, वार कोणता, महिना कोणता, आपण कुठे आहोत, असे प्रश्न. आमचे डॉक्टरसाहेब दक्षिणेकडचे, कामाला वाघ. हिंदी त्यांना कामापुरतं येई, मराठी त्याहूनही कमी. म्हणून प्रश्न मराठीत विचारायचे आणि उत्तरं इंग्रजीत लिहायची हे काम माझ्याकडे आलं. खरं सांगतो, मला ते काम फार आवडायचं. शेवंता नरखेड तालुक्यातल्या एका संत्र्याच्या गावची, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, दोन लेकरांची आई. नवरा पुंडलिक. त्याच्या नव्या फटफटीवर मागं आडवी बसून ती बाजारातून येत होती, पदर चाकात गेला आणि ती मागच्या मागं डोक्यावर पडली. दहा-बारा दिवस बेशुद्ध होती. मग डोळे उघडले, मग पाणी मागितलं. उजव्या हातात जोर नव्हता आणि जीभ जड झाली होती, एकेक शब्द ओढून काढावा लागे.

पुंडलिकचा मोठा भाऊ दौलतराव दर दोन दिवसांनी गावाहून यायचा. माझ्या टेबलावर चार संत्री ठेवायचा आणि म्हणायचा, "तुमी शिकले-सवरले मानसं, तुमाले काय सांगा लागते?" त्याला एक दाखला हवा होता. "बाई डोक्यानं गेली, आता संसार नाही करू शकत, येवढं लेहून द्या. तिले माहेरी पोचवतो, पुंडल्याचं दुसरं करतो. लेकरायले माय लागते का नाही साहेब?" असा दाखला असला की दुसऱ्या लग्नाची वाट मोकळी होते, असं त्याला कोणा वकिलानं सांगितलं होतं. दौलतराव वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. घर हाकणारा माणूस जसा बोलतो तसा तो बोलत होता. पुंडलिक काहीच बोलत नसे. डबा घेऊन वॉर्डाच्या दारात उभा राही. फटफट त्यानंच चालवलेली, तेव्हा घरात त्या दिवसापासून त्याला तोंड राहिलं नव्हतं. आणि हे सगळं बोलणं दौलतराव शेवंताच्या खाटेशी उभा राहून करायचा, मोठ्यानं, जणू ती तिथं नाहीच. ती छताकडे बघत पडलेली असे. लेकरं आपल्याकडे राहणार की नाहीत हे या वॉर्डात ठरतंय, हे तिला पुरतं कळत होतं, हे मला फार उशिरा समजलं.

डॉक्टरसाहेब म्हणाले, तपासणी करा, उद्याच्या राउंडला ठरवू. मी कागद घेऊन शेवंताच्या खाटेशी खुर्ची ओढली आणि माझ्या रेडिओच्या मराठीत विचारलं, "आज वार कोणता आहे?" तिनं खूप वेळ घेतला. म्हणाली, "पिंपळदऱ्याचा बाजार." मी लिहिलं, वार सांगता येत नाही. "सध्या महिना कोणता चालू आहे?" "बगीचा... ताणावर हाये." मी लिहिलं, उत्तर असंबद्ध. "वर्ष कोणतं?" "धाकटा... पाय टाकून राहिला." असंबद्ध. "आपण आत्ता कुठे आहात?" "तुमच्या इथं." ठिकाण सांगता येत नाही. "तुमच्या पतीचं नाव काय?" तिनं माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. पुंडलिक तिथं मान खाली घालून उभा होता. मी पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं, जसं बहिऱ्याला विचारतात. तिनं डाव्या हातानं पदर बँडेजवर ओढून घेतला आणि तोंड फिरवलं. मी लिहिलं, नवऱ्याचं नावही आठवत नाही. त्याखाली रेघ मारली. आणि खाली पूर्ण सही केली, पदवीसकट.

गिरजाबाई पलीकडच्या खाटेची चादर बदलत होत्या. मी खोलीत येऊन बसतो न बसतो तोच काखेत चादर धरून, लुगड्याला हात पुसत आल्या. "काय लेहलं गा बाबू?"

"तिनं दिली ती उत्तरं लिहिली."

"तुमच्या बेस्याच्या लोकायचा बाजार कोन्या दिवशी रायते?"

मी विचार न करता वार सांगितला.

"पाह्य, कसं पटकन सांगतलं. पिंपळदऱ्याचा मंगळवारी भरते. आज काय हाये?"

मंगळवार होता.

"अन् बगीच्याचं पानी कवा तोडते? बहार धरायच्या आंधी, थंडीत. त्याले ताण म्हनते. तुमच्या वांग्यायले ताण देत नाही म्हनून तिले येडी ठरवतं का? लेकरू किती महिन्याचं झालं हे बी सांगतलं तिनं तुले. तिच्यापाशी होतं नव्हतं थे सारं तिनं सांगतलं."

मला ते पटत होतं आणि म्हणूनच मी चिडलो. म्हणालो, "ते राहू द्या. नवऱ्याचं नाव तरी सांगता यायला हवं होतं की नाही?"

"तुह्या मायनं कवा तुह्या बापाचं नाव घेतलं का गा?"

"ते घरातलं झालं. हा दवाखाना आहे. इथं विचारलं तर सांगायला हवं. तुम्ही सांगा बरं, तुमच्या नवऱ्याचं नाव काय?"

गिरजाबाई हातातल्या चादरीची घडी घालत उभ्या राहिल्या. घडी झाली. ती उलगडून त्यांनी पुन्हा घातली. बाहेर कोणाचा तरी खोकला ऐकू येत होता. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "पाह्य. झालो ना मी बी येडी?"

मी म्हणालो, आता कागदावर सही झाली आहे. "सही तुहीच हाये ना? का दुसऱ्याची हाये?" एवढं बोलून त्या निघून गेल्या. त्या संध्याकाळी घरी आईनं जेवायला वाढलं, तेव्हा मी तिच्याकडे नुसता बघत राहिलो. "काहून रे, मीठ कमी झालं काय?" ती म्हणाली. मी नाही म्हटलं. पाच मिनिटांपूर्वी मी ज्या बाईला खाटेवर वेडी ठरवून आलो होतो तिच्यात आणि हिच्यात काही फरक होता का, हे मला स्वतःला विचारता आलं नाही. पाच मिनिटं कसली, दुपारची गोष्ट होती. पण मला पाच मिनिटांपूर्वीचीच वाटत होती.

दुसऱ्या दिवशी राउंड आला. डॉक्टरसाहेब, सिस्टर, दोन शिकाऊ डॉक्टर, मागं मी. दौलतराव धुतलेलं धोतर नेसून आला होता. पुंडलिक दारात. डॉक्टरसाहेबांनी माझा कागद वाचायला घेतला. मी बोलणार होतो. खरंच बोलणार होतो, रात्रभर तेच ठरवलं होतं, पण सिस्टरसमोर, शिकाऊ पोरांसमोर माझी जीभ उचलेना. तेवढ्यात खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या गिरजाबाई म्हणाल्या, "शेवंते, नाव घे वं."

वॉर्डात क्षणभर काही कळलं नाही. मग आजूबाजूच्या खाटांजवळच्या बाया हसल्या, तोंडाला पदर लावून एकमेकींना ढोसू लागल्या. "घे वं बाई, घे, लाजतं काहून!" डॉक्टरसाहेब वैतागले. "क्या चल रहा है ये?" आता मला बोलावंच लागलं. म्हटलं, साहब, हमारे यहाँ औरत पति का नाम सीधा नहीं लेती. शेर जोड के लेती है, तभी. दो मिनट दीजिए. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि हात बांधून उभे राहिले.

शेवंतानं डोळे मिटले. ओठ हलत होते. मग जड जिभेनं, एकेक शब्द वेगळा, पहिली ओळ आली: "फटफटीच्या चाकात... गुतला लुगड्याचा काठ..." आणि ती थांबली. कपाळावर घाम आला तिच्या. दौलतराव म्हणाला, "पाहा साहेब, नाही येत. मी सांगतलंच होतं." गिरजाबाई त्याच्याकडे न पाहताच म्हणाल्या, "दौलतराव, तुमच्या लगनात तुमच्या बायकोले किती टाइम लागला व्हता? तवा तिले माहेरी पाठवलं व्हतं का?" बाया खो-खो हसल्या. त्या हसण्यातच शेवंताचा आवाज आला, आधीपेक्षा बारीक, पण नीट:

"पुंडलिकरावाचं नाव घेते, मोकळी करा घराची वाट."

बायांचं हसू थांबलं. दारातल्या पुंडलिकनं डोक्यावरची टोपी काढली आणि तोंड भिंतीकडे केलं. त्याचे खांदे हलत होते. डॉक्टरसाहेबांनी मला विचारलं, काय म्हणाली? मी सांगितलं. साडीचा काठ चाकात अडकला ते तिला माहीत आहे, नवऱ्याचं नाव माहीत आहे, आणि ती म्हणते की मला घरी जाऊ द्या. त्यांनी हातातला कागद उलटवला. "फिर ये किसने लिखा?" खाली माझी सही होती, त्यांना दिसत होती. म्हटलं, "मैंने लिखा, सर. गलत लिखा." माझ्या नोकरीत मी बोललेली ही सगळ्यांत लहान वाक्यं असतील, आणि सगळ्यांत जड. त्यांनी कागद माझ्या हातात दिला, गिरजाबाईंकडे बोट केलं आणि म्हणाले, "फिर से पूछो. इनसे पूछ के पूछो."

त्या दुपारी मी पुन्हा शेवंताच्या खाटेशी बसलो. गिरजाबाई पायथ्याशी. तोंडातून शब्द काढला तो असा: "मले सांग, लेकरं कोनापाशी हायेत?" कित्येक वर्षांनी मी 'मले' म्हणालो. शेवंता माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसली आणि बोलत राहिली. दाखला दिला गेला नाही. पुढं पंधरा-वीस दिवसांत ती घरी गेली. हात थोडा सुधारला, बोलणं बरंच सुधारलं. एक गोष्ट मात्र परत आली नाही: तिला कशाचाही वास येईना. डोक्याला मार लागला की असं होतं पुष्कळांचं, डॉक्टरसाहेब म्हणाले, नाकापासून मेंदूकडे जाणारा धागा तुटतो. मी शेवटच्या कागदावर 'वास येत नाही, बाकी ठीक, घरी सोडले' असं लिहिलं, आणि माझ्या लेखी गोष्ट संपली.

त्यानंतर प्रत्येक कागदाच्या डोक्यावर मी पेन्सिलनं त्या गावाच्या बाजाराचा वार लिहून ठेवू लागलो. अमुक भागातल्या गावाचा बाजार कधी, हे गिरजाबाईंना तोंडपाठ. सगळंच त्यांचं बरोबर यायचं असं नाही. एकदा डोक्याला मार लागलेला एक शेतकरी नीट बोलत-चालत होता, घरचे न्यायला आले, तर त्या दारात आडव्या झाल्या. दोन दिवस ठेवा, दोनच दिवस. डॉक्टरांनी ठेवलं. त्याला काहीही झालं नाही, आणि ऐन कापसाच्या वेचणीत दोन दिवस गेले म्हणून घरच्यांनी त्यांना वॉर्डभर ऐकवलं. त्या खाली मान घालून फरशी पुसत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "हा बी असाच हासून बोलून राहिला होता." 'हा' म्हणजे त्यांचा नवरा. विहिरीच्या काठावर पडला, उठला, हसला, भाकर खाल्ली, जरासा पडतो म्हणाला... तो उठलाच नाही. घरात सगळे म्हणत होते, बोलून राहिला ना, मंग काय झालं? गिरजाबाईही तेच म्हणाल्या होत्या. एवढंच सांगितलं त्यांनी, आणि बादली उचलली.

वसंता येऊन गेल्यावर काही दिवसांनी मी लकडगंजला त्यांच्या घरी गेलो. आरामशीनच्या मागच्या दोन खोल्या, अंगणभर लाकडाचा भुसा. सून म्हणाली, सगळ्यांना कळवून झालं, एक शेवंताताईचं गाव तेवढं राहिलं. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. कोण शेवंताताई? "फटफटीवरून पडली होती थे. दरसाल संत्र्याच्या दिवसात चार दिवस तिच्या इथं रायत होत्या ना माय. तुमाले नाही मालूम?" मला नव्हतं माहीत. त्या नोकरीत होत्या तोवर आम्ही रोज एकमेकांना पाहत होतो, आणि त्यांनी हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी काय म्हणालो असतो तेही मला ठाऊक आहे. पेशंट घरी गेला की आपलं काम संपतं, असं काहीतरी.

म्हटलं, मी कळवतो. रविवारी एस.टी.नं गेलो. संत्र्याची तोडणी चालू होती, गावाबाहेर रस्त्याच्या कडेला पेट्या रचलेल्या. पुंडलिक तोडणीला गेलेला, शेवंता अंगणातच भेटली. केस पिकू लागलेले, उजव्या हाताची बोटं जरा आत वळलेली, पाण्याचा गडवा डाव्या हातात. तिनं मला लगेच ओळखलं. मी बोलायच्या आधीच म्हणाली, "बाई कवा येतेत साहेब? यंदा उशीर झाला. मी बाज टाकून ठेवली." मी सांगितलं. ती गडवा हातात धरूनच पायरीवर बसली. मग डोळे पुसून बोलू लागली.

पहिल्या वर्षी गिरजाबाई न सांगता आल्या होत्या. म्हणाल्या, इकडून जाऊन राहिलो होतो. त्या रस्त्यानं कोणी कुठं जात नाही, गावात रस्ता संपतो. चुलीपाशी बसल्या. सासूनं तक्रार केली, भाजी जळते तरी हिले वास येत नाही. गिरजाबाई म्हणाल्या, "मंग तुमी वास घ्या अन् तिले सांगा. दोघींत एक नाक पुरते." दुसऱ्या लग्नाचं बोलणं दवाखान्यात थांबलं होतं, घरात थांबलेलं नव्हतं. आणखी तीन वर्षं ते चाललं. दर थंडीत गिरजाबाई यायच्या, ओसरीवर उभ्या राहून शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल असं विचारायच्या, "काय दौलतराव, यंदा कोनाचं लगन काढून राहिले?" चौथ्या वर्षी त्यांनी विचारायच्या आधीच दौलतरावानं हात जोडले.

दौलतराव तिथंच होता. म्हातारा झाला होता, ओसरीवर चटईवर बसून ऐकत होता. म्हणाला, "पोलिसापरीस तिचा धाक. पन खाऊन-पिऊन, हासून जात होती बाई." आणि नाक ओढलं.

आम्ही ओसरीवर आलो. उन्हातून चालून माझे पाय दुखत होते. भिंतीला लागून एक बाज टाकलेली होती, वर धुतलेली गोधडी, उशाशी घडी केलेलं पांघरूण. मी सवयीनं तिकडे वळलो आणि बसायला वाकलो.

"तिथं नोका बसू साहेब," शेवंता म्हणाली. आवाजात राग नव्हता. "थे बाईची हाये."

मी सरळ झालो. दौलतरावानं स्वतःच्या शेजारी चटईवर हात थोपटला. "या साहेब, खाली या. मी बी इथंच बसतो."

मी चपला काढल्या आणि त्याच्या शेजारी जाऊन बसलो.